पाहुण्यांसाठी उघडलेली भट्टी

बिश्केक

लाडक्या जिबेक,

मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. आईला एवढंच सांग.

तुमच्या गावच्या प्रसूतिगृहाच्या दारांच्या मुठींवरचा जंतू मारणारा लेप आमच्याच भट्टीत भाजला जातो. मग भट्टी न उघडता सावकाश निवू द्यायची असते. साहेबांनी परवा कारखाना बघायला आलेल्या पाहुण्यांना दाखवायला ती तापलेलीच उघडली. "पाहुणे काय नुसते तळलेले बोर्सोक खाऊन जाणार?" म्हणे. लेप तडकला. तपासलं, तर तड्यांत जंतू सुखाने नांदतायत. मी भांडले, तर म्हणतात, "चकाकतायत ना? पाठव." आज पेट्या गेल्यासुद्धा.

पाय अजून सुजतात का? तुला नववा लागलाय. तिथे जाशील तेव्हा दार कोपराने उघड. मूठ माझ्याच हातची आहे, म्हणून सांगते.

तुझी भांडकुदळ ताई,
आयपेरी