देवकुमारीची माफी

काठमांडू,
रविवार

प्रिय धम्मानंद,
तुझ्या आक्काचा मायेचा जय भीम.

मी सुखरूप आहे. थंडी लई आहे, पण तू दिलेला स्वेटर पुरतो. रोज डाळभात मिळतो. मायनं दिलेला ठेचा पुरवून खाते. तिचे गुडघे कसे आहेत?

कोरोनात सरकारांना खराब मशीनी विकणाऱ्यांना आवर कसा घालायचा, यावर इथं पाच-सहा देशांची बैठक सुरू आहे; ज्यांची माणसं गेली त्या आमच्यासारख्यांना साक्षीला बोलावलंय. काल ऑक्सिजनच्या एका मशीनचा आवाज ऐकवला. तुझ्या दाजींच्या उशाशी होता तोच खडखडाट. मी उठून उभी राहिले, तर समोरची एक बाईही उभी. देवकुमारी तिचं नाव, इथलीच. तिचा नवरा तुझ्या दाजींच्या आधी गेला. मग इथून खराब म्हणून परत केलेल्या त्याच मशीनी एका दलालानं कंपनीचं नाव बदलून आपल्याकडं खपवल्या. इथल्यांनी भारत सरकारला कळवलंच नव्हतं.

चहाच्या वेळी ती माझा हात धरून म्हणाली, "दीदी, हम लोग बता देते तो आपके पति बच जाते. माफ करना."

मी तिला जवळ घेतलं. तिचंही माणूस गेलं की रे!

फोनवर तू म्हणालास, "आक्का, त्या दलालाचं नाव घेऊ नको, त्याची माणसं आपल्या मुदखेडातच हायत." तुझी भीती खोटी नाही. पण जिचा काही दोष नाही तिनं माफी मागावी आणि मी गप्प बसावं, हे मला जमायचं नाही. उद्या बैठकीत मी त्याचं नाव घेणार आहे.

मायला तूच सांग, सावकाश. आणि रागावलास तरी स्टेशनवर मला न्यायला ये.

तुझीच,
महामाया आक्का