तुझा पार्ट मले भेटला

बा, तुझा पार्ट मले भेटला. बातमी एवढीच आहे, पण तुला सांगितल्याशिवाय पोटात राहत नाही. सरकारच्या संगणक खात्यातून मी नुकतीच रिटायर झाले. मुंबईत हारतुरे झाले, भाषणं झाली. लोक माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले, की हे नक्की कोणाबद्दल चाललंय म्हणून मी मागे वळून बघितलं. मग सामान बांधलं आणि सरळ आपल्या गावी, सिंदेवाहीकडे आले. अजून बॅगाही सोडल्या नव्हत्या, तर नाट्यमंडळाची पोरं दारात. "बाई, औंदा शंकरपटाच्या दिवशी, बैलांच्या शर्यती झाल्या का, तुमच्या बाचं जुनंच नाटक लावून राह्यलो. नागपूरची नटी नाई म्हणते. आईचा पार्ट तुमी करा." ज्या बाईनं मंत्र्यांनासुद्धा "आधी फाइल बघते, मग बोलते" असं ऐकवलं, तिनं तोंडातला घास गिळायच्या आत हो म्हटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर धडकी भरली. तुला त्या पार्टात बघितलेल्या बाया अजून जित्या आहेत, आणि त्या पुढच्याच सतरंजीवर बसतात.

धान घरात आलं की तू मिशी काढायचास. आमच्यासाठी हंगाम तेव्हा सुरू व्हायचा. चुलीवर भात रटरटतोय, आई खाली बसून वांगी चिरतेय, आणि तू तिचं जुनं लुगडं नेसून, कमरेवर घागर घेऊन स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरतोयस. आई मान वर न करता म्हणते, "बायको होय का हवालदार? पाय लहान टाक नं." तू गुमान परत जाऊन पहिल्यापासून चालायला लागतोस. नाटकाचा डायरेक्टर कोणीही असो, तुझी डायरेक्टर आईच. "माह्यं लुगडं फाडजो नोको, हिरोइनबाई," असं वर ऐकवायची, पण नाटकाच्या दिवशी ठेवणीतलं लुगडं स्वतः काढून तुला चापूनचोपून नेसवायचीही तीच. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांच्याच घरी बाप असा असतो.

त्या नाटकात मुलगा घर सोडून निघतो, तो प्रसंग तुला आठवत असेलच. एका वर्षी त्या वेळी समोरची एक म्हातारी उठली, रडत रडत स्टेजपाशी आली आणि पदरातले मुरमुरे काढून त्या मुलाला म्हणाली, "घे बापू, वाटेत खाजो." मी आणि माझ्या मैत्रिणी फिदीफिदी हसलो. दुसऱ्या दिवशी तू माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलास. "हासली काऊन? तिनं खरं मानलं म्हणून आपला खेळ हाय. मानणाऱ्याले हासाचं नाई." एवढं बोललास आणि बैल सोडायला निघून गेलास. संध्याकाळी मात्र तसेच मुरमुरे तिखटमीठ लावून माझ्यापुढे ठेवलेस.

कॉलेज, डिग्री, ट्रेनिंग हे सगळं नंतर झालं. नोकरी मी तुझ्या त्या एका वाक्यावर केली. कुरखेड्याच्या तहसीलमध्ये पहिला संगणक आला तेव्हा साहेबांच्या खोलीत कुरकुरणारा पंखा होता आणि संगणकाला एसी. मे महिन्यात सगळ्या मीटिंगा "संगणकाबाबत" असायच्या. एक शेतकरी आला, चपला बाहेर काढल्या आणि मशीनला हात जोडून उभा राहिला. कारकून तोंडं फिरवून हसायला लागले. मी त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि त्याचं नाव टाइप करून दाखवलं. "हा मीच होय?" त्यानं विचारलं. "तुमीच." "मंग कागदावरबी मीच राहीन नं?" म्हणाला. राहाल, म्हटलं. आणि बा, तो राहिला. मी दोनदा तपासलं.

पुढे मी मोठी अधिकारी झाले, राज्यभराची कामं आली, आणि तरी पाय आपल्याच जंगलाकडे वळायचे. भामरागडच्या पलीकडे एका गावात पडद्यावरून डॉक्टर दाखवायची सोय केली, तो दिवस तुला सांगायचाच राहिला होता. एक माडिया आदिवासी आजी समोर बसली. पडद्यावर डॉक्टर आला, नमस्कार म्हणाला. आजी उठून गेली. वाटलं, घाबरली, आता या गावात कोणी या खोलीत पाऊल टाकत नाही. तर ती लोटाभर पाणी घेऊन आली आणि पडद्यासमोर ठेवून बसली. नर्सबाईनं तिच्या भाषेत विचारलं, कुठं दुखतं? आजी बोलेना. पाहुण्यानं पाणी घेतल्याशिवाय दुखणं कसं सांगायचं? मी डॉक्टरला हळूच म्हटलं, "सर, पाणी प्या." हुशार माणूस. त्यानं आपल्या टेबलावरची बाटली उचलली आणि आजीकडे बघत घोट घोट प्याला. आजी खुलली, पदर सावरला, आणि मग जी बोलायला लागली ती थांबेचना. परतीच्या वाटेवर मी जीपमध्ये एकटीच हसत होते. त्या भागातले डॉक्टर अजूनही पडद्यावर आले की आधी पाणी पितात. मी याचं कुठलंही परिपत्रक काढलेलं नाही.

तर अशी तुझी लेक, आणि तालमीत मात्र साफ आपटली. डायरेक्टर पोरगा गुणी आहे, तुमच्या पेटीवाल्याचा नातू. तीन दिवस त्यानं सहन केलं, चौथ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, रागावू नोका, पर तुमी आई होऊन नाई राह्यल्या, सूचना देऊन राह्यल्या. पोरगा घर सोडून चाललाय, डोळ्यात पाणी पायजे." पाणी कुठून आणू? इतकी वर्षं मीटिंगमध्ये डोळे कोरडे ठेवायचा पगार घेतला. पुरुषांनी भरलेल्या त्या खोल्यांत एकदा जरी डोळा भरला असता तर गावभर झालं असतं. घरी आरशासमोर बसून बघितलं, कांदा चिरून बघितला. काही नाही. गावासमोर तुझं नाव घालवणार, याची मला खात्रीच पटली होती.

काल नाटक झालं. मुलगा पिशवी उचलून निघाला. मला म्हणायचं होतं, "जाशीन तं जा, पर भात खाऊन जा." मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून एका म्हातारीनं ते वाक्य म्हटलं. तिच्या मागून दुसरीनं, मग आणखी कितीतरी जणींनी. तुझ्याच चालीत, बा, "भात" शब्दावर थोडं थांबून. मुलाचं काम करणारा पोरगा बावरला आणि खरोखरच माघारी येऊन माझ्यापुढे जेवायला बसला. टाळ्या थांबेनात.

आज सकाळपासून सगळं गाव मला चिडवतंय, एवढी मोठी साहेबीण अन् एक वाक्य ध्यानात नाई राह्यलं. मीही हसून म्हणते, विसरले बाई, वय झालं. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला सांगते. विसरले नव्हते, बा. रडत होते.