चार पावसांची गुर्राती

प्रति,
मा. पशुपैदास अधिकारी,
बोरान गुरे निवड योजना,
एला दिम्तू विभागीय कार्यालय, उत्तर केनिया

विषय : कालवड गुर्राती (मालक मोलू जत्तानी) हिचं नाव खाटकाच्या लॉरीच्या यादीतून काढण्याबाबत.
संदर्भ : गेल्या महिन्यात मीच दिलेला अहवाल. तो चुकीचा आहे.

महोदया,

हा अर्ज मी करणारच नव्हतो. मोबाईलवर टाइप करायचो, खोडायचो. पण लॉरी येत्या बाजाराला येतेय, म्हणून पाठवतोय.

१. मी तादिचा हुक्का, योजनेचा इथला मोजणीदार. शिकलो ते सगळं मोबाईलवर वाचून. आपला नियम असा, की तीन वर्षांची होऊनही कालवड माजावर आली नाही तर ती उशिराच्या वंशाची. तिला काढायचं, आणि तिच्या सख्ख्या भावाला वळू म्हणून ठेवायचं नाही, कारण तोच उशीर त्याच्या लेकींत उतरतो. नियम बरोबर आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

२. मोलू माझा लहानपणापासूनचा मित्र. गुर्राती त्याच्या पोराच्या नाळेची कालवड. आपण किसुमूकडच्या, म्हणून सांगतो : आमच्यात पोराची नाळ कापली की त्याच्या नावाने कालवड सोडतात. ती विकत नाहीत. पुढे त्याचा कळप तिच्यापासूनच वाढतो. मोलू म्हणाला होता, "ही राहू दे रे, बाकीची मोज." मीच गळ घातली, "येड्या, चांगलीच तर मोजायची असतात!"

३. वय विचारलं. म्हणाला, "चार पावसांची." मी टाकलं, चार वर्षं. मॅडम, आमच्याकडे पाऊस वर्षातून दोनदा येतो, मोठा आणि छोटा. चार पाऊस म्हणजे दोन वर्षं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. आपण असता तर विचारलं असतं, पाऊस म्हणजे नक्की किती? मी विचारलं नाही, कारण मी इथलाच. आणि टाइप करताना मात्र मी इथला राहिलो नव्हतो.

४. त्या अहवालावरून तिचा थोरला सख्खा भाऊ, मोलूचा वळू, खच्ची झाला. चिमटा डॉक्टरांनी लावला, पण दोर माझ्या हातात होता. खरं तर त्याच्या अंडांचं माप कळपात सगळ्यात मोठं भरलं होतं. अशा वळूच्या बहिणी लवकर वयात येतात, हे मीच गावोगाव सांगत फिरतो. तरी म्हणालो, फीत ढिली बसली असेल.

५. परवा लॉरीचं सांगायला मोलूकडे गेलो. त्यानं दूध दिलं. त्याचा पोरगा लिबान गुर्रातीची शेपटी धरून उभा होता, पडत होता, परत धरत होता. मी सहज विचारलं, "हा केवढा झाला रे?"

मोलू म्हणाला, "तिच्याएवढाच. एकाच पहाटे झाले दोघं. ह्यालाही अजून मिशी फुटली नाही, घाल ह्यालाही यादीत!"

त्याची बायको बोकायो आतून म्हणाली, "आणि दोर तादिचाभावजींनाच द्या. हात बसलाय त्यांचा."

दोघं हसले. माझ्या हातात दूध तसंच राहिलं. लिबान तर दोन वर्षांचा. तेव्हा कळलं, मी काय करून बसलोय.

६. सबब विनंती, की गुर्रातीचं नाव काढावं आणि मोलूच्या गुरांवरचा 'उशिराचा वंश' हा शिक्काही. तिचं नाव काढलं तर लॉरीत एक जागा रिकामी राहते असं कारकून म्हणाले. तिथे माझं कुठलंही जनावर घ्या. आणखी कुणाकुणाचे पाऊस मी वर्षांत धरले, मला आठवत नाही. म्हणून मी गेलो त्या प्रत्येक कळपात दुसरा माणूस पाठवून वय पुन्हा विचारावं. वळूबद्दल कुठला अर्ज करायचा, ते मला माहीत नाही.

आपला, आणि मोलूचा, अपराधी
तादिचा हुक्का
१९ जून

सोबत : १) लिबान आणि गुर्राती यांचा एकत्र फोटो (वयाचा पुरावा). २) मापाची फीत, परत.

ता.क. हे सगळं मोलूला वाचून दाखवलं. म्हणाला, "छान लिहिलंस. माझा वळू कुठंय ह्यात?" नाळेच्या गाईच्या वंशातलं वासरू आमच्यात कुणी कुणाला देत नाही. तरी मी त्याला शब्द दिलाय : माझ्या नाळेच्या गाईच्या वंशात आता पहिला जो गोऱ्हा होईल, तो त्याच्या दारात बांधीन. माप न घेता.