माझ्याकडे येणारा थिरथिरा

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून पक्षीनिरीक्षण. दुर्बीण आली. आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात लोकांना नीट दिसावं म्हणून राबलो, आता आपण काहीतरी बघायचं. पक्षीमित्रांच्या ग्रुपमध्येही नाव घातलं. दर रविवारी पहाटे तळ्यावर जमतात. आज गेलो नाही. पहिल्याच दिवशी गेलं की माणूस रिकामटेकडा वाटतो.
ताईचा फोन. म्हणाली, तुला रस्त्यात समोर आलेला माणूस ओळखू येत नाही, तू पक्षी काय ओळखणार. ताईला माझ्या गुणांची पारख लहानपणापासूनच नाही.

४ नोव्हेंबर
समोरच्या गच्चीच्या कठड्यावर नवा पाहुणा. चिमणीएवढा. काळा कोट, नारिंगी पोट, शेपटी सारखी थरथरते. पुस्तकात सापडला: थिरथिरा. थंडीत उत्तरेकडून येतो. इतक्या लांबून आला, आणि नेमका माझ्या खिडकीसमोर.
दुर्बीण घ्यायला उठलो तर उडाला. पुस्तक म्हणतं, निरीक्षकाने पक्ष्याला दिसू नये. पटलं.

६ नोव्हेंबर
खिडकीला बाहेरून फिल्म लावून घेतली. लावणारा सांगत होता, साहेब, बाहेरच्याला आरसा, आतून तुम्हाला सगळं दिसणार. म्हटलं, मला नका शिकवू, असल्या काचांचे गॉगल मी रोज विकतो. नंतर गॅलरीत जाऊन लेन्स पुसायच्या औषधाने काच लख्ख केली. येणाऱ्याला प्रसन्न वाटलं पाहिजे.

७ नोव्हेंबर, सकाळ
टकटक. आधी दार उघडलं. दारात कुणी नाही. पुन्हा टकटक. खिडकीवर थिरथिरा! थेट माझ्याकडे बघून चोचीने काच वाजवत होता. बिल्डिंगला एवढ्या खिडक्या आहेत. दुसऱ्या कुठल्याही खिडकीवर गेला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
तळ्यावर गेलो नाही. तो यायचा आणि मी घरी नसायचो, बरं दिसत नाही. ग्रुपवर तसं कळवलं. ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी (फोटोत मोठी टोपी आहे) लगेच विचारलं, रोज येतो का, आणि काच वाजवतो का. म्हटलं, हो, दमेपर्यंत. त्यांनी विचारात पडलेला चेहरा पाठवला. प्रभावित झाल्या.

१३ नोव्हेंबर
हल्ली नाश्ता खिडकीशीच करतो. त्याला दुकानातलं सांगतो. आज एका गिऱ्हाइकाला वय कमी दिसेल अशी फ्रेम हवी होती, ते सांगितलं. तो मान वाकडी करून ऐकतो. मध्ये बोलत नाही. ताईने शिकण्यासारखं आहे.
दुकानात उशीर झाला. मालक म्हणाले, हल्ली रोजचंच झालंय तुमचं. म्हटलं, घरी पाहुणे आहेत. कोण, विचारलं. म्हटलं, उत्तरेकडचे. घरी पाहुणे आहेत, हे वाक्य फार दिवसांनी बोललो. बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
पहाटे गुडघा दुखत होता. तळं रद्द. आठ वाजता बरा झाला.
ताईला सांगितलं, सकाळी कुणीतरी येतं माझ्याकडे. फोनवर ताईचा टीव्ही बंद झाला. मग हळूच म्हणाली, चांगल्या घरची आहे ना? म्हटलं, पक्षी आहे. टीव्ही पुन्हा लागला. मग म्हणाली, तू वेळेवर जेवतोस ना रे?

१९ नोव्हेंबर
वाळलाय. कपाळावरची पिसं विस्कटलीत. तरी आला की काच सोडत नाही. म्हटलं, अरे, माझ्यासाठी एवढं करू नकोस. ऐकत नाही. मैत्रीत असं होतं.
ग्रुपला रविवारी घरी बोलावलं. सगळे कप घासून ठेवले.

२३ नोव्हेंबर, रविवार
टोपीवाल्या बाई एकट्याच आल्या. बाकीच्यांना कामं होती. तो वेळेवर आला, टकटक सुरू. मी बाईंच्या तोंडाकडे बघत होतो. त्या म्हणाल्या, अहो, हा तुम्हाला भेटायला येत नाही. काचेत त्याला दुसरा थिरथिरा दिसतो. आपली जागा कुणीतरी बळकावली असं वाटून भांडतोय बिचारा, खायचं-प्यायचं सोडून. ही फिल्म काढा, नाहीतर मरेल. म्हटलं, काचेतलं मला कळतं, माझा धंदाच तो आहे. म्हणाल्या, मग तर मी सांगायलाच नको. चहा छान झालाय म्हणाल्या. निघताना म्हणाल्या, पुढच्या रविवारी तळ्यावर या हो, किती दिवस एकटे खिडकीत बसणार.
बाईंना अनुभव कमी आहे.
त्या गेल्यावर गॅलरीत जाऊन बाहेरून बघितलं. काचेत आकाश होतं, समोरची गच्ची होती, गॅलरीत उभा असलेला मी होतो. आतली खुर्ची दिसत नव्हती. मी रोज बसतो ती.

२४ नोव्हेंबर
फिल्म काढणार होतो. दुकानात गर्दी.

२५ नोव्हेंबर
टकटक. आणखी एक दिवस राहिली तर काय होतं.

२६ नोव्हेंबर
तो गॅलरीच्या कठड्यावर बसला होता. चोच उघडी, अंग नुसतं धपापत होतं. तरी पुन्हा काचेवर आला.
रजा टाकली. फिल्म खरवडून काढली. नखं दुखतायत.

२९ नोव्हेंबर
टकटक नाही. समोरच्या कठड्यावर किडे पकडत होता. अंगाने भरलाय. मी वेळेवर लक्ष घातलं म्हणून.
उद्या तळ्यावर नक्की. गजर लावला. बूट दाराशी काढून ठेवले.

३० नोव्हेंबर, रविवार
गजर वाजला. बूट घातले. मग वाटलं, आजच आला आणि खिडकीत कुणी दिसलं नाही तर? बूट काढले. बाईंचा मेसेज, थोडा वेळ वाट बघितली तुमची.
काच आता अगदी स्वच्छ आहे. बाहेरून आतलं सगळं दिसतं. खुर्ची, दोन कप, मी. तो समोर येऊन बसला. मी हात केला. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि उडून गेला.
घाईत असेल.