काउंटरवरची घंटी

३ मार्च, सोमवार

आज तर कहरच! सकाळपासून टिंग, टिंग, टिंग. पाणी हवं — टिंग. पडदा सरकव — टिंग. पडदा पुन्हा होता तसा कर — टिंग! ऑफिसातली काउंटरवरची घंटी निवृत्त होताना हौसेने मागून आणली. तेव्हा काय माहीत, की पुढे घरातल्याच एका गिऱ्हाइकासाठी धावत सुटावं लागेल! पक्षाघातात ह्यांचा उजवा हात गेला, वाचा गेली, पण डावा हात काय तरतरीत आहे! समजतं सगळं. शब्द तेवढे फुटत नाहीत.

बोलायला शिकवणारी बाई आज म्हणाली, "आमच्या पुनर्वसन केंद्रात ठेवलंत तर बोलण्याची आशा आहे. पण आत्ताच. उशीर केलात तर मग कठीण." तीन महिने राहायचं. खर्च ऐकून माझीच वाचा बसली.

पण ह्यांचे ते पैसे आहेत ना! मोबाइलमधली ती क्रिप्टोची नाणी — कुणी कधी हातात न धरलेली. पगारातून थोडी थोडी घेत राहिले आणि मी 'हवेतले पैसे' म्हणून चिडवत राहिले. आज विचारलं, "काढू का?" मानेनेच 'हो' म्हणाले. डोळे भरून आले. ह्यांचे आणि माझेही.

४ मार्च

खातं उघडत नाही. मोबाइल नवा आहे म्हणून अडवलंय म्हणे. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला तर कुलूपच बसलं. लेक परगावी, कामाच्या गडबडीत. तिला कशाला त्रास द्या. उद्या सरळ ग्राहक सेवेला फोन करते. उभा जन्म त्याच खुर्चीत गेला, मला कोण टोलवणार!

५ मार्च

झालं काम!

इंटरनेटवर शोधलं, पहिलाच नंबर लावला. दुसऱ्या रिंगला उचलला! नव्या मुलींना मी हेच शिकवायचे. आवाज तरुण, स्वच्छ. माझं बोलणं मध्येच तोडलं नाही. मी सांगितलेलं परत म्हणून दाखवलं. "मॅडम, घाई करू नका, मी लाइनवर आहे." ह्यांच्या तब्येतीचीही चौकशी केली! मनात म्हटलं, ज्याने कुणी ह्या मुलाला तयार केलंय, छान तयार केलंय.

मग त्याने ते बारा शब्द मागितले. कुलूप बसलं तर खातं परत मिळवायला असतात ते. हे नेहमी म्हणायचे, कुणालाही सांगायचे नाहीत. पण कुणालाही म्हणजे परक्याला! हा तर कंपनीचाच माणूस. पडताळणीशिवाय काम पुढे सरकत नाही, हे मीच लोकांना रोज ऐकवत आले. नाही नाही ते आढेवेढे घेणाऱ्या गिऱ्हाइकांचा मला रागच यायचा. ह्यांच्याजवळच बसले होते. ह्यांच्या वहीतून एकेक शब्द सुटा, स्पष्ट वाचायला घेतला.

आणि नेमकी तेव्हाच ह्यांची घंटी! थांबेचना. लाइनवर माणूस असताना मागे असला गोंगाट — शोभतं का? "अहो, जरा दम धरा ना!" तरी टिंग टिंग टिंग. शेवटी हाताखालची घंटी उचलून कपाटावर ठेवली, आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि उरलेले शब्द सांगितले.

उद्यापर्यंत खातं उघडेल म्हणालाय. आज ह्यांना दोन घास जास्तच भरवले. जेवले मात्र नाहीत नीट.

६ मार्च

खातं उघडलं. आत काही नाही.

७ मार्च

तो नंबर लागत नाही. लावतेय, लावतेय.

चौकीत तक्रार लिहून घेणारा पोलीस म्हणाला, "मावशी, ते शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली. खरी कंपनी ते कधी मागतच नाही." किती हळू आवाजात म्हणाला! ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "पैसे मिळतील का हो?" त्याने पेनाला टोपण लावलं.

लेकीला फोन केला. "आई, तू? अगं, तू तर हेच काम करत होतीस ना!" मग दोघीही रडलो. "बाबांना सांगितलंस?"

नाही सांगितलं. कोणत्या तोंडाने सांगू?

९ मार्च

बोलायला शिकवणारी बाई येऊन गेली. केंद्रातली जागा आणखी धरून ठेवता येत नाही म्हणाली. मी म्हटलं, द्या दुसऱ्या कुणाला. हे ऐकत होते.

नंतर ह्यांना खात्याचा जुना फोटो दाखवला, ह्यांनीच पूर्वी लेकीला पाठवलेला. "हे बघा, आहेत सगळे. काढायला जरा वेळ लागतोय." चक्क खोटं बोलले. हे मोबाइलकडे बघतच नाहीत. माझ्याकडे बघतात.

एक मात्र आहे — हल्ली अगदी शहाण्यासारखे वागतात. पडदा नाही, पाणी नाही, घंटीचा आवाज म्हणून नाही. मी आपणहून विचारीन तेव्हाच पाणी. कधी नव्हे ते समजूतदार झालेत, आणि मी त्यांच्या बोलण्याची आशाच घालवून बसले. कसं तोंड दाखवू ह्या माणसाला!

१० मार्च

सांगायचं ठरवलं. जेवणानंतर. जेवण झालं. सांगितलं नाही.

१२ मार्च

सांगून टाकलं. पलंगाच्या कडेवर बसून, सगळं. तो आवाज, ते शब्द, तो जुना फोटो.

वाटलं होतं, तोंड फिरवतील. हे दचकलेसुद्धा नाहीत. डाव्या हाताने माझे डोळे पुसले. मग तोच हात वर केला, कपाटाकडे.

घंटी तिथेच होती. मी ठेवली होती तिथे.