कुणी येऊ नका

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आप्पांचा रक्ताचा कॅन्सर टी-पेशींचा निघाला. डॉक्टर म्हणाले, "या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. एकमेकांना निरोप द्यायला सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात. इथं पहारेकरीच बिघडलेत. 'वाढा, वाढा' असा निरोप स्वतःच सोडतात, स्वतःच ऐकतात!" म्हणून गाठी, म्हणून अंगभर खाज.

येत्या सोमवारी नवी गोळी सुरू होणार. ती निरोप थांबवत नाही, ऐकणाऱ्याचे कान बंद करते. पण तोवर आप्पांना साधी सर्दीही झाली, तर गोळी पुढे ढकलणार. आप्पांत आता थांबायची ताकद नाही. मला फार भीती वाटते.

घरच्या ग्रुपवर टाकलं — आप्पांना भेटायला कुणी येऊ नका.

बुधवार, ५
काय करून बसले! आमच्यात 'येऊ नका' असं म्हणतंय कोण? गावाकडं, उचगावात अर्थ लागला — आप्पांचं काही खरं नाही. दुपारी टेम्पो भरून माणसं बेळगावात, आमच्या दारात. प्रत्येकाच्या हातात शहाळं.

गुरुवार, ६
आलेले जिन्यात बसून न आलेल्यांना फोन लावतात — "आमी पोचलो, तू अजून न्हाय?" डॉक्टरांनी पेशींचं सांगितलं ते हेच की! आता निपाणीहून नागोजीमामाही आले, शिंकत.

मी दारात खुर्ची टाकून बसले. एकालाही आत सोडलं नाही. मालुआत्या भडकली. "लेक असलीस म्हून काय झालं? माझा भाऊ हाय त्यो!" तिलाही परत पाठवलं. जीव तुटला, पण पाठवलं.

आतून आप्पा — "लई माणसं आल्यात व्हय गं? माझ्या लग्नातबी एवढी न्हवती." खूश! मी इथं मरतेय.

शुक्रवार, ७
ग्रुपवर टाकलं — आप्पा ठणठणीत आहेत. खात्री करायला आणखी आले.

शनिवार, ८
जिन्याच्या दाराला कुलूप. फोन बंद. घरात फक्त मी आणि आप्पा. जिंकले!

रविवार, ९
सकाळी शिंक आली. मला!

दारात बसून सगळ्यांच्या शिंका मीच तर झेलल्या. तोंड बांधून दुसऱ्या खोलीत पळाले आणि मालुआत्याला फोन केला. शिंकेचं सांगितलं आणि रडले. ती एवढंच म्हणाली, "कुलूप काढ. आन् तू भाईर हो."

सोमवार, १०
डॉक्टरांनी तपासलं, आप्पांना सर्दी नाही. गोळी घेतली! हे आत्यानं बंद दाराआडून सांगितलं. मी जिन्यात बसून शहाळं पितेय. आतून आप्पांचा आवाज आला — "कोण आलंय गं?"

"कुनी न्हाय," आत्या म्हणाली. "परत पाठवलं."