बाहुलीचे आंदण

साखळीची शेवटची कडी मिटेना. पक्कड खाली ठेवली, हात पुसले आणि हा कागद पुढे ओढला. बाहुलीचा झोका अर्धा राहिला आहे. तो आज पुरा होईल किंवा होणार नाही. हे मात्र आज लिहून व्हायला हवे.

लिहून ठेवणार गजराबाई भ्रतार नथ्थू पाटील, वय अदमासे साठ, राहणार मौजे ब्राह्मणपुरी, तालुके शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश. यजमानांचे नाव कागदासाठी घ्यावे लागते म्हणून घेतले. अंगात ताप आहे. हात कापतो, बुद्धी कापत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी नाही.

कलम १. घराचा पूर्वेकडचा खण माझ्या हयातीपुरता आहे. जमीन दिराकडे गेली. ही दोन्ही मी कोणास देऊ शकत नाही. जे माझे स्त्रीधन आहे, तेवढ्यापुरते हे पत्र.

कलम २. तांब्याचा हंडा, पितळी समई आणि चांदीची कडी शेजारी चुनीलाल यांस. ते मला भाभी म्हणतात, आणि माझ्यामागे या पत्राप्रमाणे वागण्याचे त्यांनी कबूल केले आहे. हंडा गळतो. तसे त्यांना सांगितले आहे.

कलम ३. मला मूल झाले नाही. तापी नावाची लाकडी बाहुली माझी. जाऊ सुंदरबाई हिची नात दिवली, तिच्या बाहुल्याशी तापीचे लग्न आमच्या सामाईक अंगणात लागले. सुंदरबाई वरमाय झाली. माझ्याकडून पाय धुऊन घेतले आणि म्हणाली, "विहीणबाई, पानी थंड शे. आम्ही रुसनूत." सारे अंगण हसले. मीही हसले.

आंदण मी घरी केले. सारंगखेड्याच्या जत्रेत मिळते ते स्वस्त लाकडी सामान आणले. जत्रेची खाट डुलते, आणि तिचा लाल रंग ओल्या हाताला लागतो. काचेच्या तुकड्याने रंग खरवडून काढला, पाय सारखे केले, खाट सुताने विणली, गादीत आमच्या शेतातला कापूस भरला. कपाटाचे दार नुसते रंगवलेले होते. ते कापून उघडते केले, चहाच्या डब्याच्या पत्र्याची बिजागरी लावली आणि आत घागऱ्यावरचा आरसा बसवला.

दिलेले आंदण सासरचे. त्यावर माझा हक्क नाही.

कलम ४. यजमान वारल्यावर अंगणात भिंत झाली. तिची माती सुंदरबाईने स्वतःच्या डोक्यावरून वाहिली. मी दारात उभी होते. "बाजूले व्हय," एवढेच ती बोलली. त्या दिवसापासून दिवली आली नाही आणि तापीही आली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. दर आखाजीला मी चुनीलाल यांना मुराळी म्हणून तापीला आणायला पाठवते. ते रिकाम्या हाताने येतात. गेल्या साली सुंदरबाईने भिंतीआड मला ऐकू येईल असे सांगितले, "तिले सांग, लाकूडले माहेर नही ऱ्हास."

हे मी माफ करीत नाही. नोंद करते.

कलम ५. तरी तापी येईल म्हणून दर साली एक वस्तू केली. पाळणा, जाते, पाटांची जोडी. झोक्याची साखळी माझ्या कानातल्या वेलांची आहे. ते आता घालायचे नाहीत. सारे कोनाड्यात मांडून ठेवले आहे. त्या पाटांवर अजून कोणी बसलेले नाही.

माझ्यामागे हा खणही दिराचा होईल आणि तापीला माहेर राहणार नाही. एवढ्यासाठी हे पत्र. कोनाड्यातले सर्व सामान चुनीलाल यांच्या घरी न्यावे आणि तेच तापीचे माहेर समजावे. दर आखाजीला त्यांनी तिला आणायला जावे, नकार आला तरी.

त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "भाभी, मन्हा घर आधीच पाच पोरी शेतस. सहावी कुठे बसाडू?"

"ती खात नही, लुगडं मांगत नही. कोनाडामा बसाड."

"मंग मन्ही बायको तिनाच लाड करी," म्हणाले, आणि हसत कबूल झाले.

त्यांच्या पोरींनी या सामानाशी खेळावे. मोडले तर मोडावे. रंग मात्र पुन्हा देऊ नये.

वर लिहिलेले माझ्या हातचे आहे. पुन्हा वाचले, काही खोडले नाही. खालील दोघांसमोर सही केली.

सही: गजराबाई

साक्षी: जालमसिंग गिरासे
साक्षी: छगन सुतार

मुक्काम ब्राह्मणपुरी, वैशाख शुद्ध द्वितीया, शके १८६२.

तृतीया, सकाळ. चुनीलाल जाऊन आले. तापी आली. दिवलीला पाठवले नाही. तापीच्या अंगावर नवे लुगडे आहे. काठाचा टाका पोरीचा नाही. इतका बारीक टाका त्या घरात सुंदरबाईचाच. दिवे लागायच्या आत परत पाठवावी, असा निरोप आहे.